राजा भोज आणि रात्रीचे चार प्रहर

कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुणी ऐपतीबाहेरची बढाई मारली की घरातलं एखादं मोठं माणूस ती हमखास ऐकवतं. म्हणीतला राजा मात्र बहुतेकांना म्हणीपलीकडे ठाऊक नसतो. हा राजा खरोखर होऊन गेला आणि तो आपल्या धारचा होता. अकराव्या शतकात, साधारण १०१० ते १०५५ या काळात, परमार घराण्यातल्या या भोजदेवानं माळव्यावर राज्य केलं. म्हणीतला गंगू तेलीसुद्धा कुणी गरीब तेली नव्हे. कलचुरींचा राजा गांगेयदेव आणि चालुक्यांचा तैलप या दोघांची नावं लोकांच्या तोंडी एकत्र होऊन तो तयार झाला, असं सांगतात. म्हणजे म्हण आहे राजाराजांमधल्या भांडणाची, आणि आपण ती ऐकवतो शेजाऱ्याला!

धार आणि देवासच्या मराठी मंडळींना भोज परका वाटत नाही. अठराव्या शतकात मराठ्यांबरोबर पवार माळव्यात आले आणि त्यांनी धारला आणि देवासला आपापली राज्यं केली. हे पवार आपलं कूळ जुन्या परमारांशी जोडतात. त्यामुळे भोजाचा वारसा मराठी बोलणाऱ्या घरांतही चालत आला.

त्याच्यावर लिहिताना सहसा त्याची विद्वत्ता, दानशूरपणा आणि तलाव-देवळं यांची यादी होते. या लेखात ती थोडी होईलच. पण मला त्याच्या चरित्रातून एका वेगळ्या गोष्टीकडे जायचं आहे, ती म्हणजे झोप. भोजानं झोपेबद्दल एक विचार मांडून ठेवला आहे. आपल्याकडे झोपेला आळसाची बहीण समजतात, परीक्षेच्या दिवसांत तर ती शत्रूच ठरते. अशा घरांत त्या विचाराचा आज उपयोग आहे.

भोजाच्या बालपणाची गोष्ट मेरुतुंग नावाच्या जैन आचार्यानं लिहिली आहे, भोजानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. भोजाचा काका मुंज तेव्हा गादीवर होता. हा पुतण्या ५५ वर्षं, ७ महिने आणि ३ दिवस राज्य करील, असं भविष्य ज्योतिषानं वर्तवलं आणि मुंजाच्या मनात भीती शिरली. त्यानं मुलाला मारायची आज्ञा दिली. मारेकऱ्यांना दया आली. मुलानं काकासाठी एक श्लोक लिहून दिला. आजवरचे थोर थोर राजे गेले आणि पृथ्वी कुणाबरोबरच गेली नाही, अशा अर्थाचा. तो वाचून मुंजाला पश्चात्ताप झाला. कथा फार गोड आहे, पण इतिहास तिला दुजोरा देत नाही. मुंजानंतर भोजाचा बाप सिंधुराज गादीवर बसला आणि त्याच्यामागून भोज, हा क्रम शिलालेख-ताम्रपटांवरून स्पष्ट दिसतो.

मुंजाचा शेवट मात्र खराच वाईट झाला. मेरुतुंग सांगतो की मंत्र्याचा सल्ला न मानता मुंज गोदावरी ओलांडून तैलपावर चालून गेला, पकडला गेला आणि कैदेतच मारला गेला. दहाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. भोज त्या घरात वाढला. शत्रू दक्षिणेला, वैर जुनं आणि काकाचं मरण ताजं. धारचा मुंज तलाव आजही या काकाचं नाव सांगतो.

राज्य हातात आल्यावर भोजानं राजधानी उज्जैनहून धारला हलवली, असं मानलं जातं. पहिल्या दहा वर्षांत त्यानं कोकणावर स्वारी केली. इंदूर-धार रस्त्यावरच्या बेटम्याला सापडलेला आणि बांसवाड्याला सापडलेला, असे त्याचे दोन ताम्रपट आहेत. दोन्ही १०२० सालचे. कोकणच्या विजयाचा सण म्हणून जमिनी दान दिल्याचं त्यांत नोंदलं आहे. नंतर कधी कलचुरींशी दोस्ती, कधी लढाई, चालुक्यांशी कायमचं वैर, गुजरातशी कुरबुर. १०४२ मध्ये चालुक्यांच्या गादीवर सोमेश्वर बसला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यानं धारवर चाल केली, नगर लुटलं आणि भोजाला ते सोडून जावं लागलं. पुढे भोजानं आपली राजधानी परत मिळवली. त्याचं आयुष्य म्हणजे निवांत बसलेल्या पंडिताचं आयुष्य नव्हतं, हे सांगण्यासाठी एवढं पुरे.

आणि तरीही त्याच्या नावावर ८४ ग्रंथ सांगतात. ८४ हा आकडा परंपरेचा आहे, तो मोजून आलेला नाही. पण जे हाती आहेत तेच थक्क करणारे आहेत. काव्यशास्त्रावर सरस्वतीकंठाभरण आणि ३६ प्रकरणांचा प्रचंड शृंगारप्रकाश, वास्तुशास्त्रावर समरांगणसूत्रधार, ज्योतिषगणितावर राजमृगांक, योगसूत्रांवर राजमार्तंड. वैद्यकावरही त्याच्या नावाचे ग्रंथ आहेत. दिनचर्येवर चारुचर्या नावाचं छोटं पुस्तकही त्याच्याच नावावर आहे. सकाळी उठल्यापासून माणसानं काय काय करावं, ते त्यात सांगितलं आहे. दरबारातल्या पंडितांचा हात या कामात लागला असणार, हे अभ्यासक मानतातच. सगळं श्रेय वाटून दिलं तरी राजाच्या वाट्याला पुष्कळ उरतं.

इथे आपल्याला एक मोह होतो. एवढ्या लढाया, एवढे ग्रंथ, म्हणजे हा माणूस झोपत तरी कधी होता? मोठी माणसं चार तास झोपतात, असं आपण भाषणांत ऐकतो आणि लगेच स्वतःला लाज वाटून घेतो. जुन्या राजनीतीनंही या मोहाला खतपाणी घातलं आहे. कौटिल्यानं राजाच्या रात्रीचे आठ भाग पाडले. तिसऱ्या भागात वाद्यांच्या घोषात त्यानं शय्येवर जायचं, चौथा आणि पाचवा भाग झोपायचं आणि सहाव्या भागात वाद्यांच्या आवाजानं उठून कामाचा विचार सुरू करायचा. एक भाग म्हणजे दीड तास. हिशेब केला तर राजाच्या वाट्याला साडेचार तासांहून जास्त झोप येत नाही. पण त्याच कौटिल्यानं पुढे एक पळवाटही ठेवली आहे. राजानं आपल्या शक्तीप्रमाणे ही वाटणी बदलून घ्यावी. वेळापत्रक पाठ करणारे नेमकी ही ओळ विसरतात.

भोजाच्या ग्रंथांत रात्र वारंवार भेटते, ती वेगळ्या रूपात. राजमृगांक हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ. त्याचा आरंभबिंदू शके ९६४, म्हणजे १०४२ साल. सूर्य, चंद्र आणि ग्रह कुठल्या क्षणी कुठे आहेत, हे त्यातून काढायचं. त्या काळी दिवस-रात्रीच्या ६० घटका धरत, एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. मंगलाष्टकांच्या आधीचं घटिकापात्र आपल्या आजी-पणजींनी पाहिलेलं असेल. ३ तासांचा एक प्रहर. दिवसाचे ४ आणि रात्रीचे ४, असे आठ प्रहर. घड्याळ आलं आणि प्रहर बोलण्यातून गेले, पण गाण्यातून गेले नाहीत. पहाटेचा राग पहाटे आणि संध्याकाळचा संध्याकाळी, हा नेम आजही पाळतात. देवासला कुमार गंधर्वांनी आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं काढली, त्यामुळे तिथल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको.

समरांगणसूत्रधारात यंत्रांवर एक पूर्ण अध्याय आहे. त्यात दोन यंत्रं अशी आहेत की ती वाचताना माणूस थबकतो. एक म्हणजे घटका झाली की आपोआप हलणारी बाहुल्यांची योजना, वेळेची जाणीव करून देणारी. दुसरं म्हणजे रात्रीच्या एकेका प्रहराला एकेक मजला वर चढत जाणारा पलंग. संध्याकाळी तळमजल्यावर निजावं आणि पहाट होईपर्यंत सर्वांत वरच्या मजल्यावर पोहोचावं. असा पलंग कुणी बनवला होता का, हा मुद्दा बाजूला ठेवू. ग्रंथात यंत्रांचे सगळे बारकावे मुद्दाम उघड केलेले नाहीत, आणि कारण अज्ञान नसून गुप्तता आहे, असं ग्रंथच सांगतो. मला त्या पलंगातली कल्पना आवडते. झोपलेला माणूस एका जागी पडून आहे, पण त्याची रात्र टप्प्याटप्प्यानं पुढे चालली आहे.

आता राजमार्तंडाकडे येऊ. पतंजलीच्या योगसूत्रांवरची ही टीका भोजाच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. पतंजलीनं चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. यांतली चौथी पाहून कुणीही विचारील की झोपेत तर मन थांबतं, मग झोपेला वृत्ती, म्हणजे मनाची हालचाल, कसं म्हणायचं? भोजाचं उत्तर अगदी घरगुती आहे. सकाळी उठल्यावर आपल्याला आठवतं की छान झोप लागली होती. आठवण कशाची होते? जे अनुभवलं त्याची. न अनुभवलेल्याची आठवण होऊ शकत नाही. म्हणजे झोपेत काहीतरी अनुभवलं जात होतं आणि मन पुरतं बंद पडलेलं नव्हतं. झोप हीसुद्धा मनाचीच एक अवस्था आहे. भोजाच्या कितीतरी आधी व्यासभाष्यानं हाच मुद्दा मांडून झोपेचे तीन प्रकारही सांगितले होते. उठल्यावर प्रसन्न वाटतं ती, मन भरकटलेलं वाटतं ती आणि अंग जड वाटतं ती.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. योगशास्त्राला झोपेचं कौतुक नाही. बाकीच्या वृत्तींसारखी निद्रावृत्तीही आवरायची आहे, असंच ते शास्त्र सांगतं. शिवाय मेंदूत काय चालतं, याबद्दल भोजानं काही म्हटलेलं नाही. तेव्हा आमच्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं, हा सूर इथे लावण्यात अर्थ नाही. भोजाकडून घ्यायचं ते एवढंच की झोप म्हणजे रिकामी जागा नव्हे.

विज्ञानाला या जागी यायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. तोपर्यंत बहुतेकांचा समज असा होता की दिवा मालवावा तसा मेंदू रात्री विझतो. १९५३ साली शिकागोच्या प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांचे डोळे पापण्यांखाली ठराविक वेळानं भराभर हलतात, असं नोंदवलं गेलं. त्या वेळी मेंदूतल्या विजेच्या लहरी जागेपणीसारख्या दिसतात. पुढे कळलं की झोपेचे टप्पे असतात. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, आणि सुमारे दीड तासाची ही फेरी रात्रीतून चार-पाच वेळा होते. दिवसा शिकलेलं पक्कं करायचं काम या फेऱ्यांत चालतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठ केलेलं तिसऱ्या दिवशी का आठवत नाही, याचं उत्तर इथे आहे.

दुसरा शोध घड्याळाचा. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर मेंदूत सुमारे २०,००० पेशींची एक जोडगाठ आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. १९७२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. हे घड्याळ पेशींमधल्या जनुकांवर चालतं, आणि त्या जनुकांची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं घड्याळ २४ तासांहून किंचित मोठं असतं, म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं. जुळवतो तो सकाळचा उजेड. रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला तर तेच घड्याळ मागे सरकतं. घटिकापात्रात पाणी एकाच भोकातून येतं, तसा आपल्या या घड्याळाला वेळ मुख्यतः डोळ्यांतूनच कळतो.

तिसरी गोष्ट म्हातारपणाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. अल्झायमर रोगात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात. हे प्रथिन आपल्या सर्वांच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज निचरूनही जातं. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या गटानं उंदरांवर दाखवलं की झोपेत पेशींमधल्या फटी सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावतात आणि हा कचरा जास्त वेगानं धुतला जातो. २०१८ मध्ये २० निरोगी माणसांना एक रात्र जागं ठेवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा अमायलॉइड किंचित वाढलेलं दिसलं. ब्रिटनमध्ये सुमारे ८,००० सरकारी नोकरांचा २५ वर्षं मागोवा घेतला गेला. पन्नाशी, साठी आणि सत्तरी, तिन्ही वयांत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळला. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

पण विज्ञानात शेवटचा शब्द कुणाचाच नसतो. २०२४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच प्रयोग करून उलट निष्कर्ष काढला की झोपेत निचरा वाढत नाही, कमी होतो. वाद चालू आहे. शिवाय कमी झोपेमुळे रोग होतो, की आतून सुरू झालेल्या रोगामुळे झोप आधी बिघडते, हे वेगळं काढणं अवघड आहे. बहुधा दोन्ही खरं आहे. पार्किन्सनच्या काही रुग्णांत तर हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं सुरू झालेलं असतं. तेव्हा कमी झोपलात तर वेड लागेल, अशी भीती कुणी कुणाला घालू नये. उलट झोप बिघडली की लक्ष द्यावं, एवढं मात्र नक्की.

भोजाच्या मेंदूचीही एक कथा आहे. सोळाव्या शतकात बल्लाळ नावाच्या कवीनं भोजप्रबंध लिहिला. त्यात त्यानं कालिदास, बाण, भवभूती अशा वेगवेगळ्या शतकांतल्या कवींना भोजाच्या दरबारात एकत्र बसवलं आहे, त्यामुळे त्याला इतिहास म्हणता येत नाही. या ग्रंथात भोजाचं डोकं असह्य दुखू लागतं. दोन वैद्य येतात, चूर्णानं राजाला बेशुद्ध करतात, कवटी उघडून आतला मासा काढतात, कवटी पुन्हा जोडतात आणि दुसऱ्या औषधानं त्याला जागं करतात. कथेतली शस्त्रक्रिया खरी मानायचं कारण नाही. पण त्या कथेनं एक गोष्ट गृहीत धरली आहे. राजाची विद्या आणि राजाचं दुखणं, दोन्ही त्याच एका डोक्यात राहतात. ते डोकं शरीराचाच भाग आहे आणि त्याला जपावं लागतं.

आता आजच्या धार-देवासकडे बघू. धार जिल्ह्यातलं पीथमपूर आणि देवासची औद्योगिक वसाहत रात्रभर जागी असते. तिथे हजारो माणसं रात्रपाळी करतात, त्यांत मराठी घरांतलीही आहेत. त्यांचं शरीर रात्री झोप मागतं आणि सकाळी घरी येताना लख्ख ऊन डोळ्यांवर घेतं, म्हणजे घड्याळाला नेमका उलटा निरोप मिळतो. त्यांना रात्रपाळी सोडा असं सांगणं सोपं आहे, पण पोट त्यावर चालतं. मग घरच्यांनी काय करायचं? दिवसा झोपलेल्या त्या माणसाला आळशी म्हणायचं नाही. खोलीत अंधार करायचा, मिक्सर आणि टीव्ही थोडा वेळ बंद ठेवायचा, दुपारी दार वाजवणाऱ्या पाहुण्याला बाहेरच बसवायचं. पाळ्या सारख्या बदलू नयेत, हे कारखान्यात मागून घ्यायलाही हरकत नाही. झोपलेला माणूसही काम करतो आहे, हे एकदा पटलं की बाकीचं आपोआप जमतं.

तशीच गोष्ट आजी-आजोबांची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख, स्मृतिभ्रंशानं ग्रासलेले आहेत. वय वाढलं की मेंदूतल्या घड्याळाचा ठोका मंदावतो, गाढ झोप कमी होते, पहाटे लवकर जाग येते. स्मृतिभ्रंशात हे फार वाढतं. दिवस कलला की माणूस अस्वस्थ होतो, घरी जायचं म्हणतो, रात्री दार उघडून चालू लागतो. घरातली माणसं दमून जातात आणि मग त्या म्हाताऱ्या माणसाला हट्टी, त्रासदायक ठरवलं जातं. खरं तर त्याच्या आत रात्र आणि दिवस यांची सरमिसळ झालेली असते. सकाळी त्याला उन्हात बसवणं, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणणं, संध्याकाळी खोलीत सावल्या पडू न देता सौम्य दिवा लावणं, जेवणाच्या आणि निजायच्या वेळा रोज त्याच ठेवणं, याचा अनेकांना उपयोग होतो. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. शेजारच्याला लागू पडलेली झोपेची गोळी आपल्या मनानं देऊ नये.

आणि आपण विद्यार्थी? आपल्या घड्याळाची गंमत अशी की विशीच्या आसपास ते मुळातच उशिरा चालतं. त्यात उशाशी मोबाइल. मग रात्री दोनला निजायचं आणि सकाळच्या तासाला डुलक्या घ्यायच्या. सगळं एकदम सुधारणार नाही. पण उठायची वेळ रोज एकच ठेवणं आणि उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात जाणं, एवढं जमू शकतं. देवासच्या टेकडीवर सकाळी चढणारी मंडळी देवीच्या दर्शनाबरोबर हेही साधतात.

भोजाचा शेवट १०५५ च्या सुमाराला झाला. गुजरातचा भीम आणि कलचुरींचा कर्ण असे दोघे मिळून माळव्यावर चालून येत असतानाच तो आजारी पडला आणि गेला. त्याच्यामागे धार पडली. पुढे उदयादित्यानं राज्य पुन्हा सावरलं. भोपाळजवळ बेतव्याच्या काठी भोजपूरला त्यानं सुरू केलेलं शिवमंदिर अपुरंच राहिलं. तिथल्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले देवळाचे आराखडे आजही दिसतात. त्याच परिसरात बांध घालून केलेला त्याचा विस्तीर्ण तलाव पंधराव्या शतकात होशंगशहानं फोडला.

सगळं पुरं करून गेलेला तो राजा नव्हता. लढाया हरला, राजधानी गमावली आणि परत मिळवली, देऊळ अर्ध्यावर सोडलं. तरी सुमारे ४५ वर्षं त्याचं डोकं कामाचं राहिलं, आणि त्या डोक्यानं झोपेलाही मनाच्या कामांत जागा दिली. आज रात्री आपल्या घरात कुणी झोपलेलं असेल, रात्रपाळीहून आलेला भाऊ किंवा कष्टानं डोळा लागलेली आजी, तर दार हळू लोटू या.